गया ते कुशीनगर : अंतर आकाशातले आणि अंतर जमिनीवरचे

बिहारमधील गया विमानतळ आणि उत्तर प्रदेशातील कुशीनगर विमानतळ या दोहोंमध्ये सरळ रेषेत अंतर भरते सुमारे २५० किलोमीटर. पहिल्या विमानतळाशेजारी तथागतांना सम्यक संबोधी प्राप्त झाली ती बोधगया आहे, तर दुसऱ्याशेजारी त्यांचे महापरिनिर्वाण झाले ती कुसिनारा. जगभरच्या बौद्धांच्या चार महातीर्थांपैकी दोन तीर्थे आणि त्यांच्या उशाशी दोन विमानतळ! हे वाचून आमच्या एखाद्या समाजबांधवाला वाटेल की, आता काय, सकाळी बोधिवृक्षाखाली वंदना करावी आणि दुपारच्या आत महापरिनिर्वाण विहारात पोहोचावे. कागदावरचा हिशेबही तसाच आहे. मात्र कागदावरचा हिशेब आणि आमच्या माणसांचा प्रवास यांत जी दरी आहे, तिचाच आम्ही आज विचार करणार आहोत.

प्रथम कागदावरचा हिशेब पाहू. छोट्या विमानतळांमध्ये सहसा एटीआर जातीचे पंख्याचे, सत्तर-बहात्तर आसनांचे विमान वापरतात. त्याचा वेग ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास असतो. म्हणजे २५० किलोमीटरला अर्धा तास. परंतु विमान काही बटण दाबताच पूर्ण वेगाने धावत नाही. धावपट्टीपर्यंत जाणे, उड्डाण, वर चढणे, खाली उतरणे, पुन्हा थांब्यावर येणे, हे सगळे धरले की वेळापत्रकात पन्नास-पंचावन्न मिनिटे लिहावी लागतात. उड्डाणाआधी दीड-दोन तास विमानतळावर हजर राहायचे, उतरल्यावर सामान घ्यायचे, गाडी पकडायची. तरीही सगळे मिळून चार तासांत माणूस बोधगयेहून कुशीनगरला पोहोचावा. हिशेब चोख आहे. फक्त एक गोष्ट नाही : गया ते कुशीनगर असे थेट नियमित विमानच नाही.

मग विमानानेच जायचे ठरवले तर काय करावे लागते? गयेहून दिल्ली गाठायची. हे आकाशमार्गे सुमारे ८९० किलोमीटर. दिल्लीत विमान बदलून गोरखपूरला यायचे. हे सुमारे ६६० किलोमीटर. गोरखपूरहून पुन्हा मोटारीने पन्नास-पंचावन्न किलोमीटर. म्हणजे अडीचशे किलोमीटरचे अंतर तोडण्यासाठी आकाशातून साडेपंधराशे किलोमीटरचा वळसा, तोही राजधानीच्या पाया पडून! दिल्लीतला थांबा धरला तर अख्खा दिवस गेला. त्यापेक्षा रस्त्याने पाटणा, हाजीपूर, वैशाली, केसरिया असे गेले तर साडेतीनशे ते चारशे किलोमीटर पडतात आणि नऊ-दहा तासांत माणूस पोहोचतो. वाटेत वैशालीचा अशोकस्तंभ आणि केसरियाचा स्तूपही पाहून होतो. म्हणजे सरकारने दोन टोकांना दोन विमानतळ बांधले आणि प्रवासी मात्र आजही जमिनीवरूनच चालला आहे. या देशात विकास नावाची गोष्ट कशी चालते, याचा याहून स्पष्ट नमुना शोधूनही सापडणार नाही.

येथे आम्हाला एका प्रवासाची आठवण होते. ऐंशी वर्षांचे तथागत राजगृहाच्या गृध्रकूट पर्वतावरून निघाले. नालंदा, पाटलीग्राम, गंगा पार करून कोटिग्राम, वैशाली, बेलुव गावातील शेवटचा वर्षावास, भोगनगर, पावा आणि अखेर हिरण्यवती नदीच्या पलीकडे मल्लांचे कुसिनारा. हा सगळा प्रवास पायी झाला, आजारपणात झाला. राजगृह म्हणजे आजचे राजगीर. गयेपासून ते फार दूर नाही. म्हणजे ज्या अंतराला आज पन्नास मिनिटांचा हिशेब लावला जातो, जवळपास तेच अंतर तोडायला बुद्धांना कित्येक महिने लागले. परंतु ते अंतर त्यांनी वाया घालवले नाही. वाटेत गणिका आम्रपालीचे भोजन स्वीकारले, वैशालीच्या लिच्छवींना नाराज करून स्वीकारले. चुंद नावाच्या लोहाराच्या घरी शेवटचे भोजन घेतले आणि त्या भोजनानंतर प्रकृती बिघडली तरी चुंदाला कोणी दोष देऊ नये, याची काळजी घेतली. ज्यांच्या पायी चालण्याने जातीची आणि प्रतिष्ठेची अंतरे कमी झाली, त्यांच्या नावाने आज विमानतळ उभे आहेत. तेव्हा या विमानतळांनी कोणाची अंतरे कमी केली, हे विचारण्याचा अधिकार आम्हाला आहे.

कुशीनगर विमानतळाची कथा थोडक्यात अशी. कसया येथे इंग्रजांच्या अमदानीतील, दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळातील एक जुनी धावपट्टी होती. तिचा आंतरराष्ट्रीय विमानतळ करावा, ही कल्पना बरीच जुनी. उत्तर प्रदेशात बहनजी मायावती यांचे सरकार असताना या कल्पनेचा पाठपुरावा झाला, हे येथे नोंदवलेच पाहिजे, कारण पुढे फीत कापणाऱ्यांनी ते सांगितले नाही. जून २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या विमानतळाला आंतरराष्ट्रीय दर्जा दिला. सुमारे २६० कोटी रुपये खर्च झाला, ३.२ किलोमीटरची धावपट्टी तयार झाली. २० ऑक्टोबर २०२१ रोजी आश्विन पौर्णिमेच्या दिवशी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते उद्‌घाटन झाले आणि श्रीलंकेहून शंभरावर भिक्खू व पाहुणे घेऊन पहिले विमान उतरले. वृत्तपत्रांनी रकानेच्या रकाने भरले. नोव्हेंबर २०२१ च्या अखेरीस दिल्ली–कुशीनगर अशी नियमित सेवा सुरूही झाली. परंतु ती टिकली नाही. बोइंग उतरू शकेल एवढी धावपट्टी आहे, प्रवासी इमारत आहे, फलक आहेत, सुरक्षारक्षक आहेत. विमान तेवढे नाही.

हे एकट्या कुशीनगरचे दुर्दैव आहे असेही नाही. सीमेपलीकडे नेपाळमध्ये लुंबिनीजवळ भैरहवा येथे गौतम बुद्ध आंतरराष्ट्रीय विमानतळ १६ मे २०२२ रोजी, बुद्धपौर्णिमेच्या दिवशी सुरू झाला. तेथेही आंतरराष्ट्रीय उड्डाणे नियमित टिकवणे जड गेले. बुद्धाच्या नावाने इमारत उभी करणे सोपे असते, ती चालवणे अवघड असते, हा धडा दोन्ही देशांनी घेण्यासारखा आहे.

आता असे का होते, हे भावनेच्या आहारी न जाता समजून घेतले पाहिजे. केवळ शिव्याशाप देऊन विश्लेषण होत नाही. विमान सर्वांत जास्त इंधन जाळते ते वर चढताना. उतरण्याचे शुल्क, जमिनीवरची व्यवस्था, वैमानिकांचा पगार हा खर्च उड्डाण छोटे असले म्हणून कमी होत नाही. त्यामुळे अडीचशे किलोमीटरच्या उड्डाणाचा दर किलोमीटरमागचा खर्च हजार किलोमीटरच्या उड्डाणापेक्षा जास्त पडतो. त्यात तीर्थयात्रेचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च एवढाच. त्यातल्या डिसेंबर-जानेवारीत गंगेच्या खोऱ्यात असे दाट धुके पडते की समोरचे झाड दिसत नाही, तर धावपट्टी कोठून दिसणार? शिवाय पन्नास किलोमीटरवर गोरखपूरचा विमानतळ आहे. तेथे दिल्लीची उड्डाणे मिळत असताना कोणती कंपनी कुशीनगरला जाईल? नफा हाच ज्यांचा धम्म आहे, त्या कंपन्या या हिशेबापुढे जात नाहीत. म्हणूनच सरकारी योजना लागते.

अशी योजना आहे, तिचे नाव उडान. ती ऑक्टोबर २०१६ मध्ये जाहीर झाली आणि २७ एप्रिल २०१७ रोजी सिमला–दिल्ली हे तिचे पहिले विमान उडाले. पायात हवाई चप्पल घालणाऱ्या माणसालाही हवाई जहाजात बसता यावे, असा तिचा गाजावाजा झाला. सुमारे पाचशे किलोमीटरच्या, म्हणजे तासाभराच्या उड्डाणासाठी विमानातल्या साधारण निम्म्या जागांचे भाडे २५०० रुपयांच्या मर्यादेत ठेवायचे आणि कंपनीला येणारी तूट तीन वर्षे सरकारी निधीतून भरून द्यायची, अशी तिची रचना. कल्पना म्हणून वाईट नाही. परंतु भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२३ च्या अहवालात या योजनेचा जो ताळेबंद मांडला, तो प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करून ठेवावा असा आहे. योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत ७७४ मार्ग वाटण्यात आले. त्यांतील ४०३ मार्ग सुरूच होऊ शकले नाहीत. जे ३७१ सुरू झाले, त्यांतील केवळ ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पूर्ण केली. आणि सरकारी मदत संपल्यानंतर मार्च २०२३ पर्यंत तग धरून राहिले ते अवघे ५४. म्हणजे वाटलेल्या शंभर मार्गांपैकी फक्त सात टिकले. शंभरातले त्र्याण्णव विद्यार्थी नापास होत असतील, तर दोष विद्यार्थ्यांचा की शाळेचा, हे सांगायला कोणा पंडिताची गरज नाही.

आता चप्पलवाल्याचा हिशेब करू. २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली. योजनेच्या आरंभीचे अडीच हजारांचे भाडे धरले तरी ती एका मजुराची आठ दिवसांची पूर्ण कमाई झाली. आठ दिवस उपाशी राहावे तेव्हा एका वेळचे, एका माणसाचे, एका बाजूचे तिकीट! नवरा-बायको दोघे निघाले आणि परतही आले, तर महिन्याहून अधिक दिवसांची मजुरी गेली. आणि हेही त्या निम्म्या जागांपैकी जागा मिळाली तर. उरलेल्या जागांना मर्यादा नाही. तेव्हा ज्याला रोज कामावर गेल्याशिवाय चूल पेटवता येत नाही, त्या माणसाच्या पायातल्या चपलेचे नाव घेऊन ही योजना विकली गेली, असे आम्ही म्हटले तर त्यात अतिशयोक्ती काय?

मग या विमानतळांचा धनी कोण? गयेच्या विमानतळावर हंगामात थायलंड, म्यानमार, श्रीलंका, भूतान, व्हिएतनाम येथून भाविकांची विमाने उतरतात. त्यांचे स्वागत आहे. ते आमचे धम्मबांधव आहेत. त्यांच्या दानातून बोधगयेत विहार उभे राहिले, हे आम्ही विसरत नाही. परंतु भारत सरकारच्या लेखी बौद्ध म्हणजे परकीय चलन आणणारा पाहुणा. बौद्ध स्थळांसाठी रेल्वेच्या पर्यटन महामंडळाने २००७ च्या सुमारास महापरिनिर्वाण एक्स्प्रेस नावाची वातानुकूलित पर्यटन गाडी सुरू केली. दिल्लीहून निघून गया, वाराणसी, लुंबिनी, कुशीनगर, श्रावस्ती अशी आठ दिवसांची सफर. तिचे दर डॉलरमध्ये जाहीर झाले. डॉलरमध्ये! २०११ च्या जनगणनेनुसार या देशात ८४ लाखांवर बौद्ध आहेत आणि त्यांपैकी ६५ लाखांवर एकट्या महाराष्ट्रात आहेत. दर चार भारतीय बौद्धांमागे तीन महाराष्ट्रातले. त्यांची कमाई रुपयांत आहे, तीही मोजकी. बुद्धाच्या नावाने आखलेल्या गाडीच्या तिकिटावर त्यांच्या देशाचे नाणे नसावे, हा अपमान आम्ही मुकाट्याने गिळला, ही आमचीही चूक आहे.

आमची माणसे कशी जातात? हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगायला नको. विहाराच्या फळ्यावर खडूने लिहिले जाते, ‘बुद्धस्थळ दर्शन यात्रा, नावे नोंदवा.’ सहा-सहा महिने बचत गटात पैसे साठवलेल्या आयाबाया नावे नोंदवतात. पांढऱ्या साड्या, पिशवीत चिवडा आणि चटणी, सोबत रक्तदाबाच्या गोळ्या. ट्रॅव्हल्सची बस ठरते. बसच्या पोटात गॅसची शेगडी, पातेली, तांदळाची आणि पिठाची पोती. ढाब्याच्या मागे मोकळ्या जागेत पिठले शिजते, तेथेच अंघोळी उरकतात. दहा-बारा दिवस बसल्या जागी झोप. बोधगयेहून कुशीनगरचा टप्पा रात्रभर बसमध्ये काढायचा, पाय सुजतात, तरी पहाटे कुशीनगरला उतरल्यावर पहिली हाक ‘जयभीम’चीच. निर्वाण विहारातील त्या पहुडलेल्या मूर्तीसमोर उभे राहून वंदना म्हणताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी येते ते त्या सुजलेल्या पायांमुळे नव्हे. या माणसांसाठी कोणी उड्डाणाचा हिशेब कधी मांडला आहे काय?

बाबासाहेबांचा शेवटचा मोठा प्रवासही याच भूमीत झाला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मक्रांती घडवून ते नोव्हेंबरमध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले. शरीर थकलेले होते, पाय साथ देत नव्हते. तरीही परतताना ते वाराणसीला थांबले, कुसिनारेला गेले आणि ३० नोव्हेंबरला दिल्लीला परतले. अवघ्या सहा दिवसांनी, ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले आणि त्यांचा पार्थिव देह विमानानेच मुंबईला आणला गेला. ज्या महामानवाने आयुष्याच्या शेवटच्या आठवड्यांत कुसिनारेची वाट धरली, त्याच्या अनुयायांना त्या वाटेवर धड बस मिळू नये, ही लाज कोणाची? नागपूरच्या विमानतळाला बाबासाहेबांचे नाव २००५ मध्ये दिले गेले. नावासाठी आम्ही लढतो, ते योग्यच आहे, कारण नाव हे अस्मितेचे प्रतीक असते. परंतु त्या नावाच्या विमानतळावरून गयेचे आकाशातले अंतर सुमारे सव्वासातशे किलोमीटर आहे. ते दीक्षाभूमीवर येणाऱ्या माणसाच्या आवाक्यात कधी येणार, हेही आम्ही त्याच जोमाने विचारले पाहिजे.

गया जिल्ह्यातच अंतराची आणखी एक गोष्ट घडली आहे. गेहलौर नावाच्या गावात दशरथ मांझी नावाचा एक मुसहर भूमिहीन मजूर राहत होता. मुसहर म्हणजे ज्यांना उंदीर खाऊन जगायला या व्यवस्थेने भाग पाडले ती जात. गाव आणि दवाखाना यांच्या मध्ये डोंगर आडवा होता. त्या डोंगरापायी त्याची पत्नी जखमी झाली, वेळेवर उपचार मिळाले नाहीत आणि ती गेली. मग या माणसाने छिन्नी-हातोडा घेऊन एकट्याने डोंगर फोडायला घेतला. १९६० ते १९८२, अशी बावीस वर्षे. सुमारे ११० मीटर लांबीची खिंड त्याने फोडली आणि अत्री व वजीरगंज या भागांमधले ५५ किलोमीटरचे अंतर १५ किलोमीटरवर आणले. ना योजना, ना निधी, ना उद्‌घाटन. सरकारने रस्ता डांबरी करायला पुढे अनेक वर्षे लावली. २००७ मध्ये दशरथ मांझी गेले. विमाने ज्या जिल्ह्याच्या डोक्यावरून जातात, त्या जिल्ह्यात एका अस्पृश्य मजुराला चाळीस किलोमीटर कमी करण्यासाठी आयुष्य घालावे लागले. २६० कोटींच्या धावपट्टीशेजारी आम्ही ही खिंड ठेवतो आणि विचारतो, या दोहोंपैकी जास्त माणसे कोणावरून गेली?

आमचे काही मित्र म्हणतील, विमानतळाला विरोध करणे म्हणजे प्रगतीला विरोध करणे. बौद्ध स्थळांचा विकास होतो आहे, त्यात खोट कशाला काढता? आम्ही स्पष्ट सांगतो, आमचा विमानतळाला विरोध नाही. बाबासाहेबांचा अनुयायी यंत्राला आणि विज्ञानाला विरोध करूच शकत नाही. बैलगाडी हीच आमची संस्कृती असे सांगणाऱ्यांच्या पंगतीत आम्ही बसणार नाही. आमच्या माणसांनीही विमानात बसावे, खिडकीजवळ बसावे, असेच आम्हाला वाटते. आमचा आक्षेप आहे तो प्राधान्यक्रमाला. आधी रेल्वे, मग बस, मग धर्मशाळा, मग स्वच्छतागृह, आणि त्यासोबत विमान, असा क्रम असायला हवा होता. येथे उलटे झाले. कुशीनगरच्या स्तूपाजवळ रेल्वे स्थानक नाही. गोरखपूर किंवा देवरियाला उतरून पुढे मिळेल त्या वाहनाने जावे लागते. परंतु आंतरराष्ट्रीय विमानतळ मात्र आहे! जिना न बांधता गच्चीवर संगमरवर घालावा, तसा हा प्रकार आहे.

आणि एक अंतर असे आहे की जे कोणतेही विमान तोडू शकत नाही. बोधगयेत विमानाने उतरा, पायी जा, की बसने जा, महाबोधी महाविहाराच्या दारात पोहोचल्यावर कळते की या विहाराचा कारभार बौद्धांच्या हातात नाही. १९४९ च्या बोधगया मंदिर कायद्याने व्यवस्थापन समितीत चार बौद्ध आणि चार हिंदू सदस्य ठेवले आणि अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्याकडे दिले. जिल्हाधिकारी हिंदू नसेल तर सरकारने एखादा हिंदू अध्यक्ष नेमावा, अशीही तरतूद होती. ती काढायला २०१३ साल उजाडावे लागले. अनागरिक धम्मपाल १८९१ मध्ये बोधगयेत आले तेव्हापासून ही लढाई चालू आहे. १९९२ पासून भदंत सुरई ससाई यांनी नागपूरहून हजारो अनुयायी नेऊन ती रस्त्यावर आणली. १२ फेब्रुवारी २०२५ पासून भिक्खूंनी पुन्हा उपोषण आरंभले आणि महाराष्ट्रातल्या गावागावांतून लोक बोधगयेला गेले. कसे गेले? साध्या डब्यात उभे राहून गेले. सरकारने त्यांच्यासाठी विमान सोडले नव्हते! परदेशी भाविकाला मायदेशाहून गयेला पोहोचायला काही तास लागतात. या देशाच्या बौद्धाला आपल्याच विहाराच्या गाभाऱ्यापर्यंत हक्काने पोहोचायला सव्वाशे वर्षे पुरली नाहीत. प्रवासाच्या वेळेचा हाही एक हिशेब आहे आणि तो कोणत्याही वेळापत्रकात छापलेला नसतो.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. एक, ऑक्टोबर ते मार्च या हंगामात नागपूर–गया–गोरखपूर अशी साध्या डब्यांची विशेष गाडी आठवड्यातून निदान एकदा सोडावी. सहा डिसेंबरला नागपूरहून मुंबईला विशेष गाड्या सुटतात, त्या कोणी दयेपोटी दिलेल्या नाहीत, समाजाच्या रेट्याने मिळाल्या आहेत. कोल्हापूरहून गयेमार्गे धनबादला जाणारी दीक्षाभूमी एक्स्प्रेस आठवड्यातून एकदाच धावते. तिच्या फेऱ्या वाढवाव्यात. दोन, बोधगया–राजगीर–वैशाली–केसरिया–कुशीनगर या मार्गावर दोन्ही राज्यांनी मिळून रोजची सरकारी बस चालवावी. तीन, गया–कुशीनगर उड्डाण हंगामी म्हणून चालवावे आणि तुटीची भरपाई कंपनीच्या नव्हे तर प्रवाशाच्या हिशेबाने द्यावी. ज्येष्ठ नागरिक आणि मजूर यात्रेकरूंना सवलतीचे तिकीट मिळाले, तर रिकामे विमानतळ आपोआप भरतील. चार, यात्रेकरूंसाठी कुशीनगरला स्वस्त सरकारी निवास उभारावे. आणि पाच, महाबोधी महाविहार बौद्धांच्या ताब्यात द्यावा. या पाचव्या मागणीशिवाय पहिल्या चार अपुऱ्या आहेत, हे आम्ही जाणतो. परंतु पहिल्या चार मागण्या केल्या नाहीत, तर पाचवीसाठी लढायला बोधगयेपर्यंत माणसे पोहोचणार कशी, हेही नेत्यांनी जाणले पाहिजे.

सरकारकडे बोट दाखवताना आमच्याकडेही थोडे पाहावे. परदेशी बौद्धांनी बोधगयेत आपापल्या देशाची विश्रामगृहे बांधली. देशातले तीन चतुर्थांश बौद्ध ज्या महाराष्ट्रात आहेत, त्या महाराष्ट्रातल्या यात्रेकरूने मात्र बसखाली सतरंजी टाकायची, हे किती दिवस चालणार? जयंतीच्या डीजेवर आणि नेत्यांच्या फलकांवर होणाऱ्या खर्चातला दहावा भाग जरी वस्त्यावस्त्यांनी वेगळा काढला, तरी काही वर्षांत या मार्गावर आमच्या माणसांच्या हक्काची दोन निवासस्थाने उभी राहतील. यात्रा काढणाऱ्यांनीही हिशेब चोख ठेवावा. आयाबायांच्या घामाच्या पैशांतून कोणी धंदा करत असेल तर त्याला विहारातच जाब विचारावा.

गया ते कुशीनगर हे अंतर २५० किलोमीटर आहे. ते पन्नास मिनिटांत तोडता येते, हे विज्ञानाने सिद्ध केले आहे. ते कोणाला तोडू द्यायचे, हे मात्र राजकारण ठरवते. येत्या हंगामात आपल्या विहारातून यात्रा निघेल तेव्हा नावनोंदणीच्या वहीसोबत एक निवेदनही ठेवा. निघण्यापूर्वी प्रत्येकाची सही घ्या, रेल्वेच्या विभागीय कार्यालयात आणि आपल्या खासदाराच्या हातात ते द्या, पोच घ्या आणि मगच बसमध्ये बसा. परत आल्यावर उत्तर आले का, ते विचारायला पुन्हा जा. एकदा नव्हे, दरवर्षी जा. जयभीम.